पिकअप उचलून मोठे टायर बसवायचे? आधी गाडी पांदणीत कुठे अडते ते बघा

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. त्यांच्याकडे जुनी स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप आहे, फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ), पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे (कमानीसारख्या स्प्रिंगच्या पट्ट्या), चाकांना 245/75 R16 चे टायर. वावर खारपाण पट्ट्यात, डांबरीपासून आत पांदणीने (शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेने). पावसाळ्यात खताची पोती, निंदणाच्या बाया आणि फवारणीसाठी गोड्या पाण्याचे ड्रम न्यावे लागतात, कारण तिथल्या बोअरचं पाणी खारं. दर पावसाळ्यात गाडी फसते. कुणीतरी सांगितलं की चार इंच लिफ्ट करा (गाडी चाकांपासून वर उचला) आणि 33 इंची टायर टाका, मग कुठेच अडणार नाही. त्यांना विचारायचं आहे की हे करावं का, आणि केलं तर गाडीचं काय बिघडेल.

भाऊ, माझं काम परतवाड्याला आहे. माझ्याकडे दोन्हीकडच्या गाड्या येतात: वरून मेळघाटातल्या, दगड-मुरमावर चालणाऱ्या, आणि खालून तुमच्याकडच्या, काळ्या मातीत रुतणाऱ्या. एकाच कंपनीची एकच गाडी असली तरी दोघांना मी वेगवेगळं सांगतो. त्यामुळे "किती इंच उचलू" याचं उत्तर द्यायच्या आधी मला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती तुम्हीच बघू शकता: गाडी फसते तेव्हा नेमकी कशामुळे थांबते?

पुढच्या वेळी फसली की ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढाल, तेव्हा लगेच धुऊ नका. घरी आणून सपाट जागी उभी करा, टॉर्च घ्या आणि खाली झोपून बघा. चिखल सगळीकडेच लागलेला असतो, तो बघायचा नाही. घासलेली जागा शोधायची. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोल डब्याच्या) तळाला माती खरवडून धातू चकाकत असेल, तर गाडी चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गोळा टेकून बसली होती. चासीचा (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा) आडवा मेंबर, गिअरबॉक्सखालची पट्टी, डिझेल टाकी किंवा पायदान घासलेलं असेल, तर गाडीचं पोट टेकलं होतं. यातलं काहीच घासलेलं नसेल आणि टायरच्या नक्षीतल्या फटी मातीने गच्च भरून टायर गुळगुळीत झाला असेल, तर गाडी कुठेच टेकली नव्हती, चाकं नुसती फिरत होती. हे तीन आजार वेगळे आहेत आणि लिफ्ट यातल्या फक्त मधल्यावर औषध आहे.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. तुमच्या गाडीला मागे अख्खा अॅक्सल आहे. तो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, पाट्यांना बांधलेला आहे आणि त्याची दोन टोकं चाकांत आहेत. पाटे उंच केले की चासी, बॉडी आणि ट्रॉली (मागचा माल ठेवायचा भाग) वर जाते. अॅक्सल मात्र चाकाच्या मध्याशीच राहतो, तो एक मिलिमीटरही वर येत नाही. म्हणजे चार इंच लिफ्ट केली, गाडी रुबाबदार दिसायला लागली, तरी मागचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर आहे. पुढे तसं नाही. तिथे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत आणि डिफरन्शियल चासीला बांधलेलं आहे, त्यामुळे पुढे उचललं की ते वर जातं. पण पांदणीत आधी टेकतो तो मागचाच.

मागचा गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. त्याचा हिशेब करून बघा. 245/75 R16 चा व्यास साधारण 774 मिलिमीटर. 265/75 R16 चा 804. लोक ज्याला 33 इंची म्हणतात त्या 285/75 R16 चा 834. यातली निम्मी वाढ अॅक्सलच्या खाली मिळते, निम्मी वर जाते. म्हणून 265 टाकला तर गोळ्याखाली 15 मिलिमीटर जास्त मिळतात आणि 285 टाकला तर 30. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाने जुलैत पाडलेली चाकोरी फूटभर खोल असते. तिथे तीस मिलिमीटरने किती फरक पडेल ते तुम्हीच बघा. अशा चाकोरीत उतरायचंच नाही, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं धुऱ्याच्या (बांधाच्या) बाजूने ठेवून जायचं. पांदण तेवढी रुंद असेल तर हे जमतं. दोन्ही बाजूंनी बाभळी आत आल्या असतील तर नाही जमत, आणि मग पांदण मोकळी करून मुरूम टाकून घेणं हाच खरा उपाय आहे. हे गावाने मिळून करायचं काम आहे हे मला माहीत आहे, तरी सांगतो, कारण एका गाडीवर होणाऱ्या खर्चात चार घरांनी मिळून तुमच्या पांदणीचा सगळ्यात वाईट तुकडा बुजवता येईल.

आता माती. पूर्णा खोऱ्यातली काळी माती खोल असते. पाऊस पडला की फुगते, चिकट होते आणि खाली टणक थर लवकर लागत नाही. मेळघाटाच्या बाजूला वीतभर चिखलाखाली मुरूम किंवा दगड असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि पकडतो. तुमच्याकडे अरुंद टायर कापत जाईल तो जातच राहील. म्हणून थोडा रुंद टायर आणि कमी हवा हे तुमच्या मातीला मानवतं. पण रुंद टायर जास्त माती उचलतो, आणि तुमची माती उचलली की सोडत नाही. ती टायरला चिकटून वर येते, मडगार्डाच्या आत थापली जाते, आणि थोड्या वेळाने टायर आणि मडगार्ड यांच्यात जागाच उरत नाही. शो-रूमसमोर डांबरीवर जो टायर मोकळा फिरतो तोच पांदणीत अर्ध्या किलोमीटरवर घासायला लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर फाटून चाकात येतं. लिफ्टचा तुम्हाला खरा उपयोग इथे आहे. गाडी उंच करण्यापेक्षा टायरभोवती माती झडायला जागा ठेवण्यासाठी ती करायची. माझ्या मते तुमच्या भागात टायरभोवती सगळीकडून दोन इंच तरी मोकळी जागा हवी, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतानासुद्धा. म्हणूनच तुमच्या गाडीला 285 बसवा असं मी म्हणणार नाही. तो टायर मोकळ्या जागेचा बहुतेक भाग स्वतःच खातो आणि मातीला काही उरत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आधी आहे त्या मापात, किंवा फार तर 265/75 R16 मध्ये, खोल आणि मोकळ्या नक्षीचा मड टेरेन टायर घेतला असता. नक्षीच्या ठोकळ्यांमध्ये रुंद फटी असल्या की चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. हायवेचा टायर फटी भरल्यावर नुसता घसरतो, मग गाडी कितीही उंच असो. मड टेरेन डांबरीवर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरीवर ब्रेक थोडा उशिरा लागतो, हे पत्करावं लागतं. तुमचं वर्षाचं जास्त फिरणं दर्यापूर, अमरावती, अकोला असं डांबरीवरच असेल तर ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा दोन्हीसाठीचा) घ्या. घेताना टायरवरचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको, मालगाडीला ते महत्त्वाचं आहे. रिम सात इंची असेल तर 265 चालतो. 285 ला किमान साडेसात इंची लागते, म्हणजे रिमचाही खर्च आला. आणि फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे हवेत, स्टेपनीसुद्धा. मोठी स्टेपनी खालच्या जागेत बसते का ते पैसे देण्याआधी बघून घ्या.

टायर मोठा झाला की मीटर खोटं बोलतं. 265 वर मीटरमध्ये 80 दिसत असताना गाडी साधारण 83 ने धावते, 285 वर 86 ने. आणि ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते, 265 ला जवळपास चार टक्के, 285 ला सातच्या थोडी वर. भरल्या गाडीला चढावर ते जाणवतं, क्लचला तर नक्कीच. पांदणीत लो रेंज (फोर बाय फोरचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) वापरा, तिथे ही तूट भरून निघते.

हवेबद्दल बोलतो, कारण यात पैसा लागत नाही आणि हे कुणी करत नाही. गाडी रिकामी किंवा हलकी असेल तर पांदणीच्या तोंडाशी थांबून हवा 18 ते 20 पीएसआयवर आणा. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, बाजूंनी लवतो आणि त्या लवण्याने मातीही सुटते. वेग वीस-पंचवीसच्या आत ठेवा, झटक्याने वळवू नका. पंधराच्या खाली नेऊ नका, टायर रिमवरून निसटतो. ड्रम भरलेले असतील तर इतकी कमी करू नका, पंचवीसच्या आसपास थांबा. डांबरीला लागायच्या आधी परत भरा, कमी हवेत वेगाने चालवलेला टायर तापून फुटतो. बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. माझ्याकडे लिफ्ट विचारायला आलेल्या कितीतरी लोकांचं काम एवढ्यावर भागलं आहे.

एवढं करूनही पोट टेकत असेल, किंवा 265 ला जागा कमी पडत असेल, तर मग लिफ्ट. पण चार इंच नको. पुढे एक ते दीड इंच आणि मागे त्याला जुळेल इतकं.

पुढे तुमच्या गाडीला टॉर्शन बार आहे. त्याच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की पुढचा भाग वर येतो. हे इतकं सोपं आहे म्हणूनच लोक बिघडवून ठेवतात. आधी सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेऊन लिहून ठेवा. बोल्टवर आणि नटावर खडूने रेघ मारा. पुढचा भाग जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, चाकं लोंबकळू द्या, मगच बोल्ट फिरवा. भार असताना फिरवला तर बोल्टचे आटे जातात. दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या, खाली उतरवा, गाडी थोडी चालवून आणा म्हणजे ती बसते, आणि मग पुन्हा मोजा. बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही, फक्त गाडी चाकाच्या वरच्या टप्प्यात उभी राहते. म्हणून चाकाला खाली लोंबायला जागा कमी उरते. किमान दीड-दोन इंच लोंबणं शिल्लक राहिलंच पाहिजे. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाक धरणारा वरचा आर्म ठोकरेवर आपटतो, आणि ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला ओढ देणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तिरके चालून त्यांचे बूट (रबरी आवरणं) फाटतात. फाटलेल्या बुटात तुमची माती गेली की जॉइंट एका हंगामात संपतो. उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकं वर-खाली किती तिरकी आणि पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) दोन्ही बदलतात, त्यामुळे त्याच दिवशी अलाइनमेंट. नाही केलं तर नवे टायर एका कडेने झिजतील.

(ज्यांची गाडी व्ही-क्रॉस किंवा हायलक्स आहे त्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आहे, तिथे हा बोल्ट नसतो. त्यांना स्प्रिंग बदलावी लागते किंवा वर स्पेसर घालावा लागतो. शाफ्टच्या कोनाचं आणि अलाइनमेंटचं म्हणणं तेच.)

मागे पर्याय जास्त आहेत आणि घोळही जास्त. पाट्यांना पुन्हा कमान देणं किंवा एक पाटा वाढवणं हे मला पसंत. जुन्या गाडीचे पाटे बहुधा बसलेलेच असतात. चांगल्या कमान-पाटेवाल्याकडून कमान काढून घेतली आणि मधले झिजलेले पाटे बदलले तरी इंचभर गाडी वर येते, आणि तीही मूळ उंचीवर, जिथे ती असायलाच हवी होती. पाटा वाढवला तर रिकामी गाडी आपटते. शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लांब करायची असेल तर लक्षात ठेवा, दोन इंच लांब शॅकलने गाडी एकच इंच उठते, आणि फार लांब शॅकल वळणावर बाजूला झुलते. अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घालायचा तर तो पोलादी, एकच, आणि नवे लांब यू-बोल्ट (पाटे आणि दांडा एकत्र आवळणारे यू आकाराचे बोल्ट) घेऊन. एकावर एक ठोकळे नाहीत, लाकडी तर अजिबात नाही. पुढे पाटे असलेल्या गाड्यांना पुढच्या अॅक्सलवर ठोकळा कधीच घालू नये. ब्रेक मारताना तो निसटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. पाट्यावर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. पाट्याचं पोलाद तापलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि तो तिथेच तुटतो.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. बोल्ट आवळून किंवा पाटा वाढवून गाडी उंच उभी राहते खरी, पण भरल्या गाडीत जोराचा खड्डा लागला की चाक वर पूर्वी जिथपर्यंत जात होतं तिथपर्यंतच जातं. त्याला अडवणारं रबर तर तिथेच आहे. म्हणजे उभ्या गाडीत मोकळा दिसणारा मोठा टायर दणक्यात मडगार्डाला लागणारच. म्हणून मोठा टायर बसवला की ते बंप स्टॉपरचं रबर तेवढंच खाली आणावं लागतं. तपासायची रीत अशी: एक पुढचं चाक धुऱ्यावर चढवा, त्याच्या तिरकं मागचं चाक दुसऱ्या उंचवट्यावर, ट्रॉलीत पोती ठेवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे लागतो ते हाताने चाचपून बघा. तिथे दोन इंच मिळत नसतील तर टायर मोठा आहे.

आता ब्रेक. लिफ्टनंतर चाक पूर्ण लोंबत असताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाता कामा नये, तिला ढील हवीच. हँडब्रेकची केबल तशीच बघा. मागच्या अॅक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाणारी दांडी किंवा स्प्रिंग असेल, तर तो व्हॉल्व्ह गाडी किती दबली आहे त्यावरून मागच्या ब्रेकला जोर देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं ट्रॉली रिकामी आहे, आणि पोती भरलेली असूनही मागचे ब्रेक कमी लागतात. ती दांडी लिफ्टच्या मापाने जुळवून घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका. मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ओढ मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन वाढल्याने साठ-सत्तरला थरथर आली तर अॅक्सल आणि पाट्यामध्ये पाचरीची शिम घालून कोन जुळवता येतो. शॉकअॅब्सॉर्बर लांबीला पुरतात का ते बघा, आणि हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पाण्याच्या ड्रमची मला खरी काळजी वाटते. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोन क्विंटल. अर्धवट भरलेला असला तर पाणी एका बाजूला जातं आणि गाडीला ढकलतं. गाडी उंच केली की पांदणीच्या आडव्या उतारावर ती लवकर कलंडते. ड्रम काठोकाठ भरा किंवा रिकामे ठेवा, पुढे केबिनच्या भिंतीला टेकवून पट्ट्याने बांधा, आणि ट्रॉलीत ड्रमांजवळ बायांना बसवू नका. त्यांना केबिनमध्ये घ्या, जास्त असतील तर दोन खेपा करा. आणि लिफ्टने गाडीची भार वाहायची क्षमता वाढत नाही. अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळं तेच आहे.

कागदाचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती आहे. चार इंच लिफ्ट आणि 33 इंची टायर हा उघड बदल आहे, फिटनेसला अडतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. गाडी मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेस ठराविक मुदतीने लागतोच. 265 टाकायच्या आधीसुद्धा आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, शक्य असेल तर लेखी.

तर क्रम असा ठेवा: आधी खाली झोपून घासलेली जागा शोधा, मग हवा कमी करून एक पावसाळी फेरी करून बघा, मग टायर, आणि त्यानंतर गरज उरली तरच लिफ्ट. सध्या तुमच्या गाडीची दोन्ही बाजूंची मापं घ्या, चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत, चारही चाकांची, रिकाम्या गाडीत. मागचे पाटे सरळ झालेत की अजून कमान आहे त्याचा बाजूने फोटो काढा. ते पाठवलंत तर पाटे बसलेत का ते मी सांगू शकेन. आणि कुणाकडूनही मागचं काम करून घेतलं तरी पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाटे दबून बसले की ते ढिले पडतात, आणि ढिल्या यू-बोल्टने पाट्यांच्या मधला बोल्ट तुटून अॅक्सल सरकतो.